कमलआत्या आणि ठासणीची बंदूक

आमच्या घरात बंदूक आहे, हे मी लग्न ठरताना सासऱ्यांना दोनदा सांगितलं होतं. एकदा चहाच्या आधी आणि एकदा चहानंतर. त्यांनी पगार विचारला तेव्हा मी तिसऱ्यांदा सांगायच्या बेतात होतो. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे लढाया पुष्कळ असतात, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. ही बंदूक तेवढी घरची होती. म्हणजे माझ्या आजोबांची, आबांची, आणि त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आलेली. ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचं. मागच्या बाजूला एका बारीक भोकावर तांब्याची टोपी बसवायची, आणि चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटून बार उडायचा. मी हे सगळं वर्गात फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवत असे. प्रत्यक्ष बंदुकीला मात्र मी वर्षातून एकदाच, दसऱ्याला कुंकू वाहताना हात लावायचो. तोही दोन बोटांनी.

त्या बंदुकीचा खरा वारस मी नव्हे, हे कळायला आबा जावे लागले.

कमलआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला, तेव्हा ती पनवेलला परत आली. पण माहेरच्या घरात न येता दोन आळ्या सोडून तिने एक खोली घेतली आणि एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागली. तिथे तिने एकतीस वर्षं काढली. उंची जेमतेम पावणेपाच फूट, आवाज बारीक, आणि पदराला नेहमी दोन सेफ्टी पिना जास्तीच्या, कारण कोणाला कधी लागतील सांगता येत नाही.

तिच्या खोलीत चिठ्ठी न चिकटवलेली वस्तू नव्हती. साखर, मीठ, सोडा हे एकवेळ समजू शकतो. पण पाण्याच्या माठावरही चिठ्ठी असे : 'पाणी. सकाळी सात.' औषधाची बाटली ती उचलताना वाचायची, ओतताना वाचायची आणि जागेवर ठेवताना पुन्हा वाचायची. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या पोरांना सांगायची, "तीनदा वाचतो तो कंपाउंडर, दोनदा वाचतो तो नशीबवान, आणि एकदा वाचतो तो खुनी." पोरं हसायची. ती हसायची नाही.

आणखी एक खोड होती. एखादी वस्तू रिकामी आहे असं कोणी म्हटलं की ती विचारायची, "तू पाहिलंस?" सिलिंडर असो, शेंगदाण्याचा डबा असो, एसटी असो. माझ्या मुंजीत आचाऱ्याने रिकामा म्हणून चुलीशेजारी सरकवून ठेवलेला एक डबा तिने जाता जाता हलवला, तर त्यात चांगलं दोन बोटं रॉकेल निघालं. आचारी म्हणाला, कळलं ना आता, मग झालं. आत्याच्या दृष्टीने झालं नव्हतं. पंगत उठेपर्यंत तिने त्या आचाऱ्याला चुलीपासून लांब, विहिरीच्या काठाला कांदे चिरायला बसवलं, आणि भात स्वतः उतरवला. घरातल्या मंडळींना हा अतिरेक वाटायचा. मलाही वाटायचा. आम्ही तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायचो, आणि माझी नक्कल सगळ्यांत चांगली होते असा माझा लौकिक होता.

आबा गेले ते एकोणनव्वदच्या चैत्रात. तेरावं झालं आणि बंदुकीचा विषय निघाला. परवाना आबांच्या नावावर, शेतीच्या राखणीसाठी दिलेला. परवानेवाला गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जमा करायचं आणि वारसाने आपल्या नावाचा अर्ज करायचा. आमच्या ओळखीचे असे एक दुरुस्तीवाले होते, उस्मानभाई. दुकानात पुढे कुलपं आणि तिजोऱ्या, मागे लोखंडी कपाटात लोकांच्या बंदुका. मी म्हटलं, मी नेऊन देतो. वडील आधीच गेलेले, तेव्हा घरातला कर्ता पुरुष आता मीच, अशी माझी समजूत होती. भिंतीवरून बंदूक काढली, रुबाबात खांद्यावर टाकली आणि दाराकडे वळलो. वळताना नळी आधी माझ्या बायकोच्या, सुधाच्या, कानाजवळून गेली आणि मग आत्याच्या कपाळासमोर येऊन थांबली.

"खाली ठेव," आत्या म्हणाली.

"अगं, रिकामी आहे."

"तू पाहिलंस?"

मी हसलो. वीस वर्षांत त्या बंदुकीचा बार कोणी ऐकला नव्हता. पण आत्या हसत नव्हती. तिने माझ्या हातातून बंदूक घेतली, नळी छपराकडे करून उभी धरली आणि नळीखाली अडकवलेला गज काढून अगदी हळू नळीत सोडला. तो आत जाऊन टेकला तेव्हा नळीच्या तोंडाशी तिने गजाला दोऱ्याची गाठ मारली. मग गज बाहेर काढून नळीच्या अंगाला बाहेरून लावून पाहिला. नळी रिकामी असती तर गजाचं टोक टोपीच्या भोकापर्यंत पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

"या चार बोटांत काय आहे?" तिने विचारलं.

तिने सगळ्यांना अंगणात घालवलं आणि मला उस्मानभाईंना बोलवायला पिटाळलं. आयुष्यात इतक्या उत्साहाने मी घराबाहेर कधी पडलो नव्हतो.

उस्मानभाई आले, बसले, आणि घोड्याखालचा कुंकवाचा थर नखाने खरवडू लागले. खाली टोपी निघाली. हिरवी पडलेली, पण जागेवर. त्यांनी ती पकडीने अलगद उपटली आणि नळीत पाणी ओतून बंदूक तशीच कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला स्क्रू लावून एकेक जिन्नस वर ओढला. आधी निघाल्या अक्षता. मग झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा. मग एक आपट्याचं पान, एक वात, टोकाला जळलेली, पुन्हा अक्षता. त्याखाली आबांच्या धोतराची चिंधी, छर्रे, चिंधी, आणि सगळ्यांत तळाशी काळ्या दारूचा चिखल.

म्हणजे दर दसऱ्याला आम्ही भरलेल्या बंदुकीची पूजा करत होतो. नुसती पूजा नव्हे. निरांजन त्या टोपीच्या अगदी जवळ नेऊन, सावकाश, तीन वेळा ओवाळत होतो. माझा मुंजीतला एक फोटो आहे. त्यात मी लंगोटी लावून, हनुवटी त्या नळीच्या तोंडावर टेकवून, वीर मुद्रेने पाहतो आहे. तो फोटो मी वर्गात पोरांना दाखवलेला आहे.

उस्मानभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, खुदाने तुमच्या घरावर पहारा बसवला होता."

"पहारा कसला," आत्या म्हणाली, "दारू सादळली होती."

"असं म्हणता ताई?" त्यांनी त्या चिखलातला चिमूटभर अंगणातल्या फरशीवर उन्हात पसरला. चहा होईपर्यंत तो सुकला. मग लांबून पेटती काडी टाकली. फस्स करून हातभर ज्वाळा उठली आणि फरशीवर काळा डाग राहिला. "ही सादळते ताई, मरत नाही."

आत्याने त्या डागावर तांब्याभर पाणी ओतलं. मग तिने चहाचे कप गोळा केले.

घरातल्या बाकी सगळ्यांचं मत एकच होतं : ती ब्याद सरकारजमा करावी आणि सुटावं. सरकारी मालखान्यात जमा झालेल्या अशा जुन्या बंदुका पुढे मोडीत निघतात. निघू दे, मी म्हटलं. पण त्याच आठवड्यात मालडुंग्याच्या बाजूने गोमा आला. डोंगराच्या पायथ्याशी आमची थोडी भातजमीन होती. आबांमागे ती आत्याच बघे, आणि कसायचा गोमा. ठाकरवाडीतला. स्वतःची जमीन नाही, बायको आणि तीन मुलं. तो म्हणाला, दोन वर्षं झाली, भात पोटरीला आलं की डुकरं येतात आणि लोळून जातात. आबा आजारी पडल्यापासून बांधावर त्यांची राखण नाही हे डुकरांना ठाऊक झालं आहे.

आत्याने विचारलं, फटाके लावून पाहिलेस का.

"लावले ना. चार दिस पळाली," गोमा म्हणाला. "आता फटाका वाजला का त्यांना वाटतं पान वाढलं. यंदा आनी तसंच झालं त आत्याबाय, आमी भट्टीवर जातो. दुसरं काय नाय."

भट्टीवर म्हणजे वीटभट्टीवर. एकदा उचल घेऊन कुटुंब भट्टीवर गेलं की परत आपल्या मर्जीने येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गोमाने ते रडून सांगितलं नाही. पाऊस कधी येईल ते सांगावं तसं सांगितलं.

तो गेल्यावर आत्या मला म्हणाली, "अर्ज माझ्या नावाने लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. तेवढं तरी चांगलं आहे."

मग सुरू झाल्या कचेरीच्या फेऱ्या. तिथले एक कारकून स्वभावाने सज्जन होते, पण बाईमाणसाने बंदुकीचा अर्ज करावा हे त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी विचारलं, घरात पुरुष कोणी नाही का? आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. कारकुनांचा चेहरा उजळला. यांच्या नावाने करा की, आठवड्यात होईल. आत्या म्हणाली, ठीक आहे, आधी परीक्षा घेऊ. ती मला उस्मानभाईंच्या दुकानात घेऊन गेली. त्यांनी बंदूक तपासली, तिलाही तपासायला लावली आणि माझ्या हातात दिली. पुढच्या अर्ध्या मिनिटात मी काय काय केलं हे मला नंतर आत्याकडून कळलं : बोट थेट चापावर ठेवलं, नळी आधी दारातल्या बकरीवर आणि मग उस्मानभाईंच्या जावयावर फिरवली, आणि नेम धरताना दोन्ही डोळे मिटून घेतले. बकरी उठून गेली. जावई बसून राहिला, पण पुढे महिनाभर तो मला सलाम करत नव्हता.

मी ना-हरकतीचा कागद तिथेच बसून, आनंदाने, सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

कागद फिरत राहिले आणि पावसाळा निघून गेला. आश्विनात डुकरं आली. गोमाच्या अर्ध्या भाताची नासाडी झाली. त्या वर्षी आत्याने आपल्या वाट्याचं धान्य त्याच्या घरात ठेवून दिलं आणि एवढंच म्हणाली, पुढच्या भाताच्या आत. त्यानंतर ती दर सोमवारी कचेरीत जाऊन बसू लागली. भांडायची नाही. बाकावर बसायची, पर्समधून सुई-दोरा काढायची आणि काहीतरी शिवायची. ते कारकून पुढे म्हणत, बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मधल्या काळात ती उस्मानभाईंकडे शिकत होती. बंदूक त्यांच्या ताब्यात, त्यांच्याच नजरेखाली. मी सोबत म्हणून जात असे. माझं काम बाहेर बसून बकरीवर लक्ष ठेवायचं. दोघांचं पहिलं भांडण दारूच्या मापावरून झालं. उस्मानभाईंच्या वडिलांची रीत अशी, की तळहातावर गोळी ठेवायची आणि ती झाकली जाईल एवढी दारू ओतायची. आत्या म्हणाली, कोणाचा तळहात? तुमचा की माझा? दुसऱ्या दिवशी ती घरून औषधाचा छोटा तराजू घेऊन आली, त्यांचं माप तोललं, दहा वेळा तोललं, आणि दहा वेळा वेगळं भरलं. उस्मानभाईंनी दाढी कुरवाळली आणि पितळेचं एक लहानसं माप तिला घडवून दिलं. त्याबदल्यात त्यांनी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं : या म्हातारीच्या पोटात फक्त काळी दारू जाईल. हल्लीच्या काडतुसातली नवी दारू भरली तर नळी फुटून माणसाचा चेहरा नेते. आत्याने डब्यावर चिठ्ठी लावली : 'काळी दारू. फक्त हीच. दिव्यापासून लांब.'

सफाई तिला जणू येतच होती. नळी लाकडी दस्त्यापासून सुटी करायची, टोपीचं भोक असलेला पेच काढायचा, नळीचं एक टोक परातीत टेकवून वरून उकळतं पाणी ओतायचं. काळं पाणी येतं, मग करडं, मग स्वच्छ. नळी पाण्यानेच इतकी तापते की आपोआप सुकते. मग गजाला कापड गुंडाळून पुसायची आणि तेलाचा हात फिरवायचा, पातळ. "आंघोळ आणि तेल," उस्मानभाई म्हणायचे, "पण बार काढायच्या आधी तेल पुसायचं, नाहीतर टोपीची आग आत पोचत नाही." आत्याने हेही वहीत लिहून घेतलं.

वजनाची मात्र पंचाईत होती. बंदूक जड, आणि आत्या हलकी. तिने आमच्या घरातलं मुसळ काढलं आणि रोज सकाळी येऊन दहा मिनिटं ते खांद्याला लावून आमच्या गॅलरीत उभी राहू लागली. शेजारच्या बायका सुधाला विचारायच्या, आत्याबाईंना बरं आहे ना? सुधा सांगायची, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.

पहिला बार कोणी माणसाने काढला नाही. इतक्या जुन्या नळीचा भरवसा काय? उस्मानभाईंनी रीतसर कळवून बंदूक शेतावर आणली, एका जुन्या टायरला घट्ट बांधली, समोर डोंगर, आणि चापाला वीस हात लांब सुतळी. ते आणि आत्या बांधाआड बसले. मी त्याही पलीकडच्या बांधाआड. सुतळी ओढली, धूर झाला, आणि नळी शाबूत राहिली. मग मात्र आत्याने स्वतःचा पहिला बार काढला. कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर चष्मा, दस्ता खांद्याच्या खोबणीत. ती दोन पावलं मागे गेली, पण नळी समोरच राहिली. खांदा आठवडाभर निळा होता. तिने त्यावर आयोडीन लावलं आणि कोणाला सांगितलं नाही. मला सुधाकडून कळलं.

शेवटी मे महिन्यात कचेरीतून निरोप आला. अर्ज मंजूर करायला हरकत नाही, पण फौजदार स्वतः पाहतील, बाईंना हत्यार हाताळता येतं का. नाही म्हणाले तर बंदूक मालखान्यात. तारीख ठरली, जागा आमचंच शेत.

त्या दिवशी फौजदारसाहेब जीपने आले. तरुण होते, तापले होते, आणि हे काम त्यांच्या मनातून लवकर उरकायचं होतं. हवालदाराने सोयीचं म्हणून शेताच्या खालच्या बांधावर एक मडकं ठेवलं. साहेब म्हणाले, मारा. आत्या म्हणाली, तिथे नाही मारणार.

"का?"

"बांधामागे पायवाट आहे साहेब. पावसाआधी वाडीतल्या बायका लाकडं आणतात. मोळी डोक्यावर असते, त्यांना खाली बघता येत नाही, आणि आपल्याला त्या दिसत नाहीत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पायवाटेवर त्या घटकेला चिटपाखरू नव्हतं. गोमा माझ्याकडे बघत होता, मी आभाळाकडे. सहीच्या दिवशी सहीवाल्याला नाही म्हणणारी माणसं मी इतिहासात शिकवलेली आहेत. त्यांचं पुढे काय होतं हेही शिकवलेलं आहे. पण साहेबांनी हवालदाराला मानेने खूण केली. मडकं उचलून डोंगराच्या बाजूला, मातीच्या दरडीपुढे नेऊन ठेवण्यात आलं. आत्या स्वतः तिथवर चालत गेली, मागे पाहिलं, बाजूला पाहिलं, आणि चालत परत आली.

आता मला कबुली द्यायची आहे. ती तिकडे गेली होती तेव्हा बंदुकीजवळ उस्मानभाई होते आणि मी होतो. बंदूक भरून, नळी डोंगराकडे करून, दोन लाकडांवर ठेवलेली. टोपी अजून लावायची होती. उस्मानभाई हवालदाराशी बोलायला दोन पावलं बाजूला झाले. सकाळी निघताना सुधाने माझ्या खिशात कुंकवाची पुडी दिली होती. एवढं मोठं काम, आबा कधी कुंकू लावल्याशिवाय बंदुकीला हात लावत नसत. मी पुडी उघडली आणि अंगठ्याने एक ठसठशीत टिळा लावला. कुठे? जिथे पूर्वापार लावत आलो तिथे. घोड्याखाली. मग हात जोडले, आणि उस्मानभाई वळायच्या आत मागे येऊन उभा राहिलो.

आत्या आली. आम्हा सगळ्यांना तिने आपल्या मागे उभं केलं. कापूस, चष्मा. टोपी बसवली, दस्ता खांद्याला लावला, घोडा चढवला, चाप ओढला.

टक्.

नुसतं टक्. हवालदार खुदकन हसला. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "राहू द्या बाई, झालं. ठेवा खाली," आणि ते पुढे निघाले.

"मागे थांबा साहेब," आत्या म्हणाली. आवाज तोच, बारीक. "आत आग धुमसत असेल. एक मिनिट."

ती तशीच उभी राहिली. नळी दरडीवर, खांद्याला दस्ता, आणि मोठ्याने आकडे मोजत. एक. दोन. तीन. मे महिन्याचं ऊन, ती जड बंदूक, आणि अठ्ठावन्न वर्षांची बाई. चाळिसाला पदर खांद्यावरून घसरला, तो तिने घसरू दिला. सेफ्टी पिनेने धरला तेवढाच राहिला. साहेब एक पाऊल पुढे टाकून थांबले होते ते तसेच थांबले. पन्नासाच्या पुढे गोमाचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले. साठ म्हटल्यावर तिने नळी न हलवता बंदूक सावकाश खाली घेतली, टोपी काढली, आणि भोकाकडे पाहिलं. बोट फिरवलं. बोट लाल झालं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आजवर हेडमास्तर, सासरे आणि इन्कम टॅक्सवाले यांच्या नजरा झेललेल्या आहेत. त्या काहीच नव्हेत.

साहेबांनी विचारलं, काय झालं?

"भोक बुजलं होतं. टोपी लावण्याआधी मी बघायला हवं होतं, बघितलं नाही," आत्या म्हणाली. "चूक माझी. बंदुकीची नाही, आणि आणखी कोणाची नाही."

तिने उस्मानभाईंकडून सुई घेतली, भोक मोकळं केलं, दोन दाणे दारू आत सारली, पुन्हा पाहिलं, मग पुन्हा. नवी टोपी. या वेळी आवाज डोंगरावर जाऊन परत आला. धूर विरल्यावर पाहिलं तर मडकं उभंच. हवालदार जाऊन घेऊन आला. मडक्याला तीन भोकं होती. आत्याचा चेहरा पडला. तिला सात अपेक्षित होती.

साहेब जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, ती उडाली नाही ना, तेव्हाच मी सही करायचं ठरवलं होतं."

जीप गेली. आत्या बांधावर बसली आणि मला म्हणाली, "बस." मी बसलो. तिने माझ्या खिशातली पुडी काढून घेतली, पेनाने तिच्यावर लिहिलं 'कुंकू. फक्त माणसांसाठी', आणि परत माझ्या खिशात ठेवली.

परवाना भाताच्या आधी आला. आश्विनभर ती दुपारच्या एसटीने जायची, ऊन असतानाच रोज वेगळ्या बांधावरून, डोंगराच्या दरडीकडे, एकच बार काढायची, आणि मग दीड तास गोमाच्या अंगणात उकळत्या पाण्याने नळी धुवत बसायची. एका बाराला दीड तास. गोमाची बायको म्हणे, एवढ्यात माझं जात्यावरचं दळण होतं. डुक्कर तिने एकही मारलं नाही, मारायचंही नव्हतं; बार आणि दारूचा वास रोज नव्या बांधावर, त्यामुळे डुकरांना त्याची सवय होईना. त्या वर्षी गोमाचं भात खळ्यावर आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. भट्टीवाल्याचा माणूस वाडीत आला तेव्हा गोमा त्याला चहा पाजून वाटेला लावून आला.

आत्याला मी शेवटची नीट पाहिली ती काही वर्षांनी, पोलीस ठाण्याच्या आवारात. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि गेली. पण अंथरुणावरची ती, दुसऱ्याने पाणी पाजलेली, मी हिशेबात धरत नाही. निवडणूक लागली होती, आणि निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. आवारात पस्तीसेक माणसांची रांग होती. विचुंब्याचे, पळस्प्याचे, बेलपाड्याचे शेतकरी. काहींच्या गळ्यात सोन्याच्या नव्या साखळ्या, विकलेल्या जमिनींच्या गप्पा रंगलेल्या. प्रत्येकाच्या खांद्यावर आडवी बंदूक, आणि प्रत्येकाची नळी मागच्याच्या बरोब्बर तोंडासमोर. एका हवालदाराने आत्याला ओळखलं आणि हाक मारली, आत्याबाई, तुम्ही पुढे या. तिने मान हलवून नको म्हटलं आणि शेवटी जाऊन उभी राहिली. बंदूक गोधडीच्या कापडाच्या पिशवीत, नळी सरळ आभाळाकडे. मी फाटकाशी होतो. रांगेपासून सुरक्षित अंतरावर.

तिच्या पुढचा माणूस चांगला दांडगा होता, दुनळी बंदूकवाला.

"नळी वर घे, बाळा," ती म्हणाली.

"रिकामी हाय, आजी."

तिने वाद घातला नाही. ती त्याच्या नळीसमोरून बाजूला झाली नाही, तिथून हललीही नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. रांगेतले दोघेचौघे वळून बघू लागले. माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने बंदूक खांद्यावरून काढली आणि उभी धरली. मग आत्या त्याच्या पुढच्याकडे गेली. मग त्याच्या पुढच्याकडे. तिचं डोकं कोणाच्या छातीच्या वर पोचत नव्हतं. मला एवढ्या लांबून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं; दिसत होतं ते एवढंच, की ती जिथे थांबते तिथल्या गप्पा थांबतात आणि एक नळी वर जाते. एकजण हसला, आणि हसता हसता त्यानेही उचलली. टेबलावर बसलेल्या हवालदाराचं लिहिणं थांबलं होतं.

पहिल्या माणसापर्यंत पोचून ती वळली आणि सगळी रांग ओलांडून, कोणाकडेही न बघता, आपल्या जागी शेवटी येऊन उभी राहिली. पस्तीस नळ्या आभाळाकडे. कोणीतरी पुढे गेलं, रांग एक पाऊल सरकली, आणि तीही एक पाऊल सरकली.